नवागामच्या खोलीतला फुवारा

मी सुरतेच्या एका कापड गिरणीत हवा ओली करण्याच्या खात्यात फिटर होतो.

हे ऐकून लोक हसतात, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. मागावरचं सूत कोरड्या हवेत पटापट तुटतं. म्हणून विणाई खात्यात पाण्याचे बारीक तुषार सोडून हवा दमट ठेवावी लागते. त्यासाठी मोठे पंखे असतात, पंप असतात आणि पितळी तोंडं बसवलेल्या नळ्या असतात. आमच्या खात्याला इंग्रजीत लांबलचक नाव होतं. ते कुणालाच उच्चारता येत नसल्यामुळे सगळे त्याला ‘फुवारा खातं’ म्हणायचे. मी त्या फुवारा खात्यातला जाणकार माणूस समजला जायचो. (समजणाऱ्यांत मला धरून दोघं होतो. दुसरा आता सेवानिवृत्त झाला आहे.)

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. सुरतेतच नवागामला पत्र्याच्या चाळीत आमची एक खोली होती, दहा बाय बाराची. माझी बायको विमल हिला सातवा महिना संपत आला होता, आणि वर मे महिना. दुपारी पत्रा इतका तापायचा की त्यावर बसलेला कावळा पाय आलटूनपालटून उचलायचा. खोलीत छताचा पंखा होता, पण तो वरची गरम हवा गोळा करून आमच्या डोक्यावर आणून टाकायचा, बाकी काही नाही.

आमच्याकडच्या रीतीनं बाळंतपण माहेरी. विमलचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, अमळनेरच्या अलीकडच्या एका छोट्या स्टेशनावर. आदल्या खेपेला ती तिथंच गेली होती. रात्रीअपरात्री नाही, भर दिवसा पोटात दुखायला लागलं, तरी दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर उशीर झाला आणि बाळ गेलं. त्या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोलत नसू. पण ह्या खेपेला विमलनं एकदाच, भाकरी थापता थापता, मान वर न करता सांगितलं, “मला इथंच राहायचंय. इथं दवाखाना चार पावलांवर आहे.”

मी हो म्हणालो. आठ दिवसांत सासऱ्यांचं पोस्टकार्ड आलं. त्यांचा हात लिहिण्याला काटकसरी होता. रविवारी पॅसेंजरनं येतो, पोरीला घेऊन जातो, असल्या भट्टीत गरोदर बाईला ठेवायची नसते, एवढा मजकूर. खाली जय भीम आणि सही.

विमलनं ते कार्ड दोनदा वाचलं आणि डब्याखाली सरकवून ठेवलं. तिचा चेहरा पाहून मी छाती पुढे काढून म्हणालो, “भट्टी? रविवारपर्यंत ही खोली महाबळेश्वर करून दाखवतो.”

महाबळेश्वर मी पाहिलेलं नव्हतं. पण विमलनंही पाहिलेलं नसल्यामुळे तिचा माझ्यावर विश्वास बसला.

त्या काळी श्रीमंतांच्या घरी कूलर यायला लागले होते. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याचे ताटवे, आत पंखा आणि ताटव्यांवर पाणी सोडणारा पंप. मला त्यात अवघड काही दिसलं नाही. उलट ते आमच्याच खात्याचं पिल्लू वाटलं. पत्रेवाल्याकडून पेटी वाकवून घेतली. गिरणीच्या भंगारात पडलेला एक पंखा साहेबांची रीतसर परवानगी काढून आणला आणि त्याला नवी बेअरिंग घातली. चौटा बाजारातून वाळा आणला. पंप जुना होता, तो तीन दिवस उघडून, पुसून, पुन्हा जोडून चालता केला. शनिवारी सकाळी पेटी खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिच्यामुळे आता खोलीत फक्त एकाच माणसाला बसायला जागा उरली होती, पण ती जागा थंड असणार होती.

इथं माझ्या ज्ञानानं घात केला. थंडावा बाहेर निसटू नये म्हणून मी खिडकी गोणपाटानं गच्च बंद केली. दाराखालची फट चिंध्यांनी बुजवली. मग बटण दाबलं.

पहिली दहा मिनिटं स्वर्ग होता. वाळ्याचा वास सुटला, विमलच्या कपाळावरचे केस उडायला लागले, आणि तिनं डोळे मिटून मान मागे टाकली. माझ्याकडे तिनं लग्नातसुद्धा इतक्या कौतुकानं पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासानं ती म्हणाली की छान आहे, फक्त श्वास जरा जड वाटतो. तासाभरानं अंग चिकट झालं. मी विचार केला आणि ठरवलं की ताटवे पुरेसे भिजत नसणार. माझं सगळं आयुष्य एकाच दिशेनं गेलेलं होतं. गिरणीत कुठलीही तक्रार आली की उपाय एकच, पाणी वाढवा. म्हणून मी पंपाची नळी मोठी केली. तरी फरक पडेना. खात्यात वापरून टाकून दिलेलं एक पितळी तोंड मी घरी आणून ठेवलं होतं, ते काढलं, आणि पंख्याच्या समोर बसवलं.

आता खोलीत चक्क धुकं दिसायला लागलं.

संध्याकाळपर्यंत डब्यातलं मीठ पाणी सोडून बसलं. काडेपेटीतली काडी ओढली की गुलाचा लाल चिखल व्हायचा, म्हणून चहासाठी शेजारच्या मणीबेनकडून पेटता कोळसा आणावा लागला. भिंतीवरचं कॅलेंडर वाकून खाली बघायला लागलं. विमल ओल्या चादरीवर बसून पदरानं मान पुसत होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, “गरम नाही होत फारसं. उकडतंय फक्त.”

रविवारी सासरे आले. उंच, वाळकुडे गृहस्थ, खांद्यावर घडी घातलेलं उपरणं आणि हातात सासूबाईंनी दिलेला पापडाचा डबा. दार उघडल्याबरोबर त्यांचा चष्मा धुकटला. ते उंबऱ्यातच थांबले, चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा धुकटला. शेवटी तो खिशात ठेवून ते चाचपडत आत आले आणि पेटीवर आदळले.

“हाई काय शे?” त्यांनी विचारलं.

कूलर, मी म्हणालो, आणि तो कसा चालतो ते खात्याच्या भाषेत समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी कानावरची बिडी काढली आणि काडी ओढली. मग दुसरी, मग तिसरी. आमची काडेपेटी रिकामी झाल्यावर त्यांनी बिडी परत कानावर ठेवली. विमलनं पापड भाजायचे म्हणून डबा उघडला होता. तेवढ्या वेळात वरचे पापड ओल्या रुमालासारखे लोंबायला लागले. सासऱ्यांनी एक पापड बोटांत धरून उचलला, त्याचं लोंबणं नीट पाहिलं, आणि खाली ठेवला.

मग ते लेकीकडे वळून म्हणाले की सामान बांध, दुपारची गाडी आहे.

विमल उठली नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, सगळं दाखवून झालं होतं. मी इतका ओशाळलो की पंप बंद करायला पुढे झालो.

तेवढ्यात दार वाजलं. मणीबेन होत्या. आमच्या आणि त्यांच्या खोलीमधली भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती, पत्र्याखाली हातभर मोकळी होती. त्या घरी बसून पॉवरलूमसाठी बॉबिनवर सूत भरायच्या आणि उन्हाळ्यात ते तुटतं म्हणून दिवसभर सुताला शिव्या द्यायच्या. मला वाटलं, त्यांच्या खोलीत पाणी शिरलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच हात जोडून उभ्या.

“भाई, तमारू मशीन बंध नई करता हां. कालथी एक दोरो तूटो नथी.”

कालपासून एक धागा तुटलेला नव्हता! म्हणजे मी सात महिन्यांच्या गरोदर बायकोसाठी तीन दिवस खपून जे उभं केलं होतं, ते अगदी बिनचूक विणाई खातं होतं. नुसते माग तेवढे नव्हते.

सासऱ्यांना गुजराती येत नव्हती. विमलनं त्यांना मणीबेन काय म्हणाल्या ते सांगितलं. सांगता सांगता तिला हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत राहिली. आदल्या खेपेनंतर दीड वर्षात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. सासऱ्यांनीही पाहिलं नसणार. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी उपरणं खांद्यावरून काढून खुंटीला लावलं.

“जवाईबापू,” ते म्हणाले, “हवाले बाहेर जावाले वाट कोठे शे?”

मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीवर गोणपाट होतं. दाराकडे पाहिलं. दाराखाली चिंध्या होत्या. हवेला बाहेर जायला वाट नव्हती. तीच हवा कालपासून पुन्हा पुन्हा भिजत होती.

सासऱ्यांनी तीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये उन्हाळे काढले होते. तिथं ते वाऱ्याच्या बाजूच्या दारात वाळा लावायचे आणि समोरचं दार उघडं ठेवायचे. कोरडी हवा एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर, एवढंच त्यांचं शास्त्र. ते त्यांनी मला चार वाक्यांत शिकवलं. माझ्या हुद्द्याचा त्यांनी एकदाही उल्लेख केला नाही, ही त्यांची सभ्यता. आम्ही दोघांनी मिळून पेटी उचलली, बाहेर बोळात लाकडी घडवंचीवर ठेवली आणि तिचं तोंड खिडकीत बसवलं. पितळी तोंड काढून टाकलं, पाणी निम्म्यावर आणलं, दार सताड उघडलं.

दुपारची गाडी निघून गेली. तिची शिटी आम्हाला ऐकू आली, तेव्हा सासरे ताटवे नीट बसवत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चुना आणायला पाठवलं. केबिनचा पत्रा ते दर उन्हाळ्यात चुन्यानं पांढरा करत. पंचावन्नीला टेकलेला माणूस सकाळच्या गारव्यात शिडी लावून वर चढला. मी खालून बादल्या देत होतो. (मलाही चढायचं होतं, पण त्यांनी मला खालीच राहायला सांगितलं. कारण विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.) चुन्याचे दोन हात झाले, आणि दुपारी खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा बाहेरपेक्षा बरं वाटलं. महाबळेश्वर नव्हे, अमळनेरही नव्हे, पण विमल दुपारची दोन तास गाढ झोपली. तिचे वडील उशाशी बसून तिच्या श्वासाकडे बघत होते.

ते एका दिवसासाठी आले होते, आठ दिवस राहिले. निघताना विमलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरी, तुन्ही मायले आठेच धाडसू.” आणि खरंच पुढच्या आठवड्यात सासूबाई दोन गाठोडी आणि नवे पापड घेऊन सुरतेला उतरल्या.

मुलगी झाली. दवाखाना खरोखरच चार पावलांवर होता, आणि सगळं वेळेत झालं. सकाळी दहाच्या सुमाराला मला आत जाऊ दिलं. विमल थकून पडली होती, बोलायचंही त्राण नव्हतं. शेजारी कापडात गुंडाळलेली एवढीशी लेक. तिनं एकदा जांभई दिली, आणि माझ्या डोळ्यांपुढे धुकं आलं. ह्या खेपेला पंपाशिवाय.

वॉर्डमधला पंखा मात्र करकर करत बंद पडला होता. सिस्टरनं माझे कपडे पाहून विचारलं की गिरणीत काय काम करता. मी म्हणालो, हवेच्या खात्यात फिटर आहे. तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं पलंगाखालून स्टूल ओढलं आणि म्हणाली की मग भाई, हा पंखा जरा बघा ना.

मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात विमलनं डोळे उघडले. बाळंतपणानंतरचं तिचं हे पहिलं वाक्य, आणि सिस्टरला नक्की कळावं म्हणून ती ते हिंदीत बोलली.

“सिस्टर, इनको हात मत लगाने दो.”

सिस्टरनं स्टूल परत पलंगाखाली सरकवलं. मग मी एक पुठ्ठा शोधला आणि दोघी मायलेकींना वारा घालत बसलो. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. तरीसुद्धा सासूबाई दारात उभ्या राहून लक्ष ठेवून होत्या.