रोज मिळतो

बीरगांवजवळच्या एका ओतकाम कारखान्यात मी कर्मचारी विभागात होतो. आमचा माल एका परदेशी कंपनीला जायचा. कामगारांचे हाल होत नाहीत ना, हे बघायला त्यांची माणसं वर्षातून एकदा यायची. तारीख आधी कळवून यायची, केवढं सौजन्य! त्या सकाळी आम्ही गोदामातून मास्क काढून वाटायचो आणि वाटपाच्या रजिस्टरवर बाराही महिन्यांच्या सह्या एका बैठकीत घ्यायचो. महिन्यागणिक पेन बदलायचा, ही अक्कल माझी. संध्याकाळी मास्क परत जमा.

एका वर्षी तपासणीला आलेल्या परदेशी बाईंनी वाळू चाळणाऱ्या एका बाईला थांबवलं. ती आमच्याच पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, मला भैया म्हणणारी. कित्येक महिने खोकत होती. रोज मास्क मिळतो का, असं बाईंनी इंग्रजीत विचारलं. दुभाष्या मीच.

"आजेच मिले हे, भैया. संझा के वापस ले लेथें," ती म्हणाली. आजच मिळाला, संध्याकाळी परत घेतात. न घाबरता, खरं तेवढंच.

रोज मिळतो म्हणते, असं मी इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि तिच्याकडे बघून हसल्या. तीही हसली. तिला वाटलं, आपलं म्हणणं पोचलं.

मग दर सोमवारी ती माझ्या टेबलाशी यायची. "भैया, मास्क आ गे का?" मैडमनी लिहून नेलंय म्हणजे येणारच, असं शेडमध्ये सगळ्यांना सांगायची. मी म्हणायचो, वेळ लागतो. पंडरीच्या बाजारातून एक विकत आणून द्यावा, असं मनात आलं होतं. पण मग बाकीच्यांनीही मागितले असते.

बायकोला सांगितलं, तर ती हातातलं काम टाकून म्हणाली, "काहून असं केलं तुम्ही? आन् तिले तोंड कसं दाखवून राहिले?" मला राग आला, तोही बायकोचाच.

उन्हाळ्यात ती वाळू चाळणारी कामावर यायची थांबली, म्हणून तिच्या घरी गेलो. खाटेवर उठून बसतानाही तिला धाप लागत होती. मला खुर्ची द्यायला लावली आणि विचारलं, "भैया, मैडम ला मोर बात बने समझ म आइस न?"

"हव," मी म्हणालो. सगळं समजलं त्यांना.

तिला बरं वाटलं. आपल्याला नाही तर नाही, बाकीच्या बायकांना तरी मिळतील, म्हणाली. आणि मी नीट समजावून सांगितलं म्हणून तिनं मला हात जोडले.