ड्राय ग्लोव्हजला खोबरेल

गेल्या गुरुवारी दुपारी, बहारीनच्या हूरा भागातल्या आमच्या घराच्या बाल्कनीत, मी एक शहाणपणा केला. शहाणपणाच म्हणते, कारण करताना तो तसाच वाटत होता...

माझा मुलगा इरफान पाणबुड्या आहे. जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरतात, ते पाण्याखाली जाऊन खरवडायचं त्याचं काम. बहारीनला कसली आलीये थंडी, असं गावचे लोक फोनवर हसून विचारतात. हसा. जानेवारीत उत्तरेचा गार शमाल वारा सुटला की इथल्या पाण्यात दोन-दोन तास राहून दाखवा, मग बोलू.

गेल्या हिवाळ्यात एकदा तो कामावरून आला आणि चहाचा कढत ग्लास मुठीत धरून बसला. बोटाला फोड आला तरी त्याला कळलं नाही, इतके हात बधिर. आणि खाली पाण्यात सगळा कारभार बोटांवर... सूटमध्ये हवा भरायचं बटण, सोडायचं बटण. बोटच हललं नाही तर माणूस वर येणार कसा?

म्हणून यंदा ड्राय ग्लोव्हज आले. त्याचा ड्रायसूट म्हणजे बंद पिशवीच, आतले कपडेसुद्धा कोरडे राहतात. हे रबरी हातमोजे त्या सूटच्या बाहीला गोल कड्याने खटकन बसतात, म्हणजे हातालाही पाणी लागत नाही. आतून घालायचे लोकरीचे मोजे मी विणले. विकतचे पाहिले होते, इतके विरळ की त्यापेक्षा मासे धरायचं जाळं परवडलं.

तर गुरुवारी ते रबरी मोजे बाल्कनीत सुकत होते. मनगटाकडचं रबर पाहते तर पांढरंफटक... माझ्या टाचांसारखं. म्हटलं, पोरगा वस्तू वापरतो, पण निगा म्हणून राखत नाही. ओल्या फडक्याने ती पांढरी भुकटी पुसली आणि गावाहून आलेलं खोबरेल चोळचोळ चोळलं. आतून, बाहेरून. रबर असं मऊ झालं, काय सांगू! मीच घडी घालून त्याच्या बॅगेत ठेवले.

शनिवारी सकाळी तो कामावर गेला आणि नाश्त्याला मी नातीपुढे बढाई मारली. सना ईसा टाउनला शाळेत जाते, तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. घास तोंडातच राहिला तिचा. "दादी, ऑइल? ऑन रबर? नो, नो, नो!"

मग फोनवर वाचून तिने समजावलं. तेल रबराला खातं... आधी फुगवतं, मग फाडतं. आणि ती भुकटी म्हणजे रबर टिकावं म्हणून मुद्दाम लावलेली पावडर होती.

मी आधी तिलाच झापलं. शाळा तिसरीत सोडली असेल, पण तेलाचं मला कोणी शिकवू नये. तोंड चालूच होतं, आणि एकदम डोळ्यांपुढे आमच्या कुकरची रिंग आली. तेलकट हाताने लावून लावून ती अशीच ढिली पडायची, आणि मी दर वेळी दुकानदाराला शिव्या घालायचे...

म्हटलं, आधी त्याला फोन लावा. सून शबाना फोनवर फोन लावत होती, पण बोटीवर सगळ्यांचे फोन कपाटात बंद असतात. सुपरवायझरचाही लागेना. "अम्मी, बसा तुम्ही. फेऱ्या मारून फोन लागत नाही." खरंय. पण बसून तरी कुठे लागतो?

मी रडणारी बाई नाही. इरफानचे वडील गेले तेव्हाही आधी पाहुण्यांचा भात टाकला होता. पण त्या सकाळी डोक्यात एकच... जहाजाच्या बुडाखालचा अंधार, मोज्यात शिरलेलं गार पाणी, आणि बटण चाचपणारी त्याची बधिर बोटं. कोळंबी सोलायला घेतली, तर सालं भांड्यात आणि कोळंबी कचऱ्यात.

साडेबाराला फोन आला.

"अम्मी, ग्लोव्हजला काय लावलंस तू?"

"ते राहू दे. तू आहेस कुठे?"

"बोटीवर. जेवतोय. सकाळी बॅग उघडली तर माझा मलबारी जोडीदार विचारतो, आज माझ्या घरचा वास कुठून येतोय?"

मग त्याने सांगितलं. त्यांच्यात पद्धत आहे... पाण्यात उतरायच्या आधी मोजा हवेने फुगवून बादलीत बुडवायचा, सायकलच्या ट्यूबसारखा. नवा असो, कालच तपासलेला असो, रोज. डाव्या मोज्याला मनगटाशी बुडबुडे आले, उजवा तर ओढतानाच फाटला. सुपरवायझरने बोटीवरची दुसरी जोडी दिली. ती घालून तो उतरला आणि काम संपवून वरही आला. सूट कोरडा, बोटं गरम.

मी म्हटलं, "अल्हमदुलिल्लाह." आणि लगेच म्हटलं, "वर आल्याबरोबर एक फोन करायला काय झालं होतं?" तो हसत सुटला. "यापुढे माझ्या सामानाला तेल नाही. खलास."

संध्याकाळी घरी आला तसे त्याचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून पाहिले. "मोजून घे, दहा आहेत," म्हणाला. मी म्हटलं, धुऊन ये, जेवण गार होतंय.

ती बादली ठेवायचा नियम पहिल्यांदा कोणी घातला, मला ठाऊक नाही. कोण असेल त्याला माझी दुआ. घरात माया करणारे पुष्कळ असतात हो... पण ती मायासुद्धा एकदा पाण्यात बुडवून बघणारं कोणीतरी लागतं.