कोकमाचा रंग

आमसुलांचा डबा उघडला की त्या आंबट वासासरशी कारवारचा बाजार आठवतो. समुद्रावर सुट्टीला गेलो होतो. उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी सांगितलं होतं, आमसुलं दुकानात नका घेऊ, मासळीबाजाराबाहेर बायका बसतात त्यांच्याकडं घ्या. इथं बंगळुरात आम्ही दुकानदारासमोर खुशाल मराठीत बोलतो, त्याला कळत नाही म्हणून. त्याच सवयीनं आई एका बाईसमोर म्हणाली, "हात किती घाण आहेत बघ हिचे. स्वल्प पुढं बघू." मी वळलेसुद्धा. मागून ती बाई शांतपणे मराठीतच म्हणाली, "घाण नाही ती, बाई. कोकमाचा रंग आहे, धुतला तरी जात नाही." तिच्याकडूनच घेतली, पण मान वर करवेना. आता आमसुलं भिजवताना माझीही बोटं लाल होतात. नळाखाली धरली की लगेच स्वच्छ होतात.