टोपलीखालचं पीठ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बीएस्सी झाले. हे मी कुणालाही सांगते, लाजत नाही. म्हणूनच आत्याच्या मुलाने, दादाने, मला फोन केला. "आईचं घर तूच आवरून दे. माझं ती ऐकत नाही. तू शिकलेली, तुझं ऐकेल."

लोधीपुऱ्यातलं भाड्याचं घर मालकाने विकलं होतं. नवा मालक ते पाडणार होता. आत्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला, लालबागला दादाच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता.

मला वाटलं, ती एकेक वस्तू धरून बसेल. झालं उलटंच. पितळेचे डबे, बंद कूलर, मामांचे शर्ट (आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामाच म्हणतात), सगळ्याला तिचं एकच उत्तर, "देऊन टाक. छातीवर घेऊन जायचं का?"

फक्त मधल्या खोलीतला एक कोपरा. तिथे ती मला रिकामं पोतंही ठेवू देईना.

"आत्या, आहे काय तिथे?"

"काही नाही. म्हणून तर ठेवू नको म्हणून राहिली. कालेजात एवढंही नाही शिकवलं?"

त्या कोपऱ्यात मामांची खाट होती. तिथेच ते गेले. आमच्यात माणूस गेला की त्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात, पिठावर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात कुणाचे पाय उमटले. पाखराचे, जनावराचे, जसे दिसतील तसा पुढचा जन्म. मामांच्या पिठात काहीच उमटलं नव्हतं. बायका म्हणाल्या, भाग्याचे, सुटले.

आत्या आता भांडी बांधता बांधता बोलली. "सुटले कुठले? कुठे गेलेच नाहीत, तर पाय कुठून उमटतील?"

"आत्या, असं काही नसतं."

"नसेल. तुझ्या पुस्तकात नसेल. पण मी गेल्यावर हे घर पाडतील, तेव्हा ते कुठे उभे राहतील, ते सांग."

दिवेलागणीपर्यंत मीही त्या कोपऱ्याला वळसा घालून चालत होते. कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप वळत होते.

दिवा लावायच्या वेळी तिने बांधलेला डबा सोडला, कोपऱ्यात पीठ पसरलं, तळहाताने सारखं केलं आणि वर टोपली घातली. "उमटले, तर गेले समजेन. मग मी मोकळी."

सकाळी म्हणाली, "तू उचल."

मी उचलली. उंदीर, झुरळ, निदान एखादी मुंगी तरी, असं मनात म्हणत होते. पीठ जसंच्या तसं होतं. तिच्या बोटांच्या रेघासुद्धा तशाच.

मला वाटलं, आता ही इथून हलत नाही. पण आत्याने पदर खोचला. "मग न्यावंच लागेल."

मामा कागद मिलमध्ये होते. जन्मभर रेल्वेने अपडाउन केलं. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. तो चौकड्यांचा रुमाल तिने कमरेतून काढला. एवढं सगळं देऊन टाकलं, तो मात्र होता. ते पीठ तिने त्यात भरलं आणि गाठ मारली. मग रिकाम्या कोपऱ्याकडे बघून, रोज जेवायला हाक मारावी तशी म्हणाली, "चला हो. गाडी आली."

टेम्पोत ती ड्रायव्हरच्या बाजूला बसली आणि रुमाल शेजारी सीटवर ठेवला. मी चढून तो मांडीवर घ्यायला गेले, तर माझ्या हातावर चापट बसली.

ड्रायव्हर म्हणाला, "माताजी, बीच में और कोई बैठेगा क्या?"

"बैठे हैं ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली दिसत असेन.

"हाँ भैया, चलो," मी म्हटलं आणि दाराला चिकटून बसले.