पाळण्यावरचं जाळं

हसू नका असं आधीच सांगून ठेवते, पण तुम्ही हसणारच. हसा बापडे. मला मात्र या गोष्टीचं अजून नीट हसू येत नाही. अर्धं येतं, मग कुटकीचं तोंड आठवतं आणि उरलेलं घशातच राहतं.

कुटकी म्हणजे आमच्या घरची मांजर. आमच्या कसली, सासूबाईंची. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाई माणसांशी मोजकं बोलतात, पण कुटकीशी त्यांचं दिवसभर चालू असे. "पाह्य वं कुटके, आज भातात पाणी जास्त झालं." भात मी केलेला असे, हे वेगळं सांगायला नको. मला त्या कधी थेट बोलल्या नाहीत. मला जे कळायचं ते मांजरीमार्फत कळायचं.

बाळंतपणाला मी माहेरी नागपूरला गेले होते. तान्हा घेऊन सौंदडला सासरी परत निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी मला बाजूला ओढलं. "मांजराच्या घरात चालली आहेस, सांभाळ हो. दुधाच्या वासानं झोपलेल्या पोराच्या तोंडावर जाऊन बसतं ते. पोर गुदमरतं, कुणाला पत्ताही लागत नाही." झालं. गोंदियाला गाडी बदलून छोट्या गाडीत बसले, तरी माझ्या डोळ्यांपुढून ती मांजर हलेना.

घरी आल्यावर पहिलं काय केलं, तर घुटीवरून वाद. आत्याबाई सहाण घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, सहाणेवर जंतू असतात, पुस्तकात दिलं आहे. मग काजळाला नाही म्हटलं, धुरीला नाही म्हटलं. शेवटी हे मध्ये पडले. "आई, पोराचं काय ते तिले पाहू दे. शिकलेली आहे ते." आत्याबाईंनी सहाण उचलून फळीवर ठेवली, आणि त्या दिवसापासून पोराच्या बाबतीत एक शब्द काढला नाही. मला वाटलं, जिंकले.

आता खरं सांगायचं तर कुटकीनं पाळण्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाळणा पुढच्या सपरीत, म्हणजे पडवीत टांगलेला, आणि हिचा मुक्काम मागे धान साठवायच्या ढोलीपाशी, उंदरांच्या मागावर. पण काळजी करणाऱ्या बाईला असल्या पुराव्यानं समाधान मिळतं का? ती पाहत नाही म्हणजे लबाड आहे, असं मी धरून चालले. पाळण्यावर जुन्या लुगड्याचा पदर पसरून पाहिला, पण मांजरीच्या नखापुढे त्याचा काय टिकाव? मच्छरदाणी गोंदियाहून आणावी, तर ऐन चुरणीचे, मळणीचे दिवस, खळ्यात धान पडलेलं. हे कुठले जातात!

तेवढ्यात दारात भागरता आली. तलावातली मासोळी घरोघर विकणारी बाई. तिच्या डोक्यावरची टोपली पाहिली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मासोळीसुद्धा ज्यातून सुटत नाही, त्यातून मांजर काय जाणार?

"भागरता, तुझ्याकडे एखादं जुनं जाळं आहे का गं?"

"आहे ना बाई. कायले पाह्यजे?"

"पाळण्यावर बांधायला. मांजर येऊ नये म्हणून."

ती थांबली. टोपली सावरली. "मांजर येऊ नये म्हणून?"

"हो."

"आणतो बाई," ती म्हणाली, आणि पुढच्या दारी गेली. ती का थांबली, हे तिथेच मी विचारायला हवं होतं.

जाळं आलं. मी ते सोडा घालून धुतलं, उन्हात वाळवलं आणि पाळण्याभोवती असं आवळून बांधलं की माझाच हात आत जायला वेळ लागे. आता तुम्ही विचाराल, बाई, वास नाही का आला? आला. पण माझ्या माहेरी मासोळी उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि लग्न होऊन इथे आल्यापासून मला सगळ्या गावालाच तो वास येत असे. वाऱ्याला, विहिरीच्या दोरीला, सुकवलेले झिंगे टांगलेल्या मागच्या खोलीला. सासरच्या हवेला नाक मुरडायचं नाही, एवढं मी स्वतःला शिकवून ठेवलं होतं. जाळ्याचा वास त्यातच जमा केला.

त्याच दुपारी कुटकी सपरीत आली. पाळण्याखाली बसली, मान वर केली, आणि डोळे अर्धे मिटून नुसतं नाक हलवत राहिली.

"पाहिलंत?" मी यांना म्हटलं. "मी म्हणत नव्हते?"

"पाहून तर राहिली बापा," हे म्हणाले. हेही जरा घाबरलेच.

संध्याकाळपर्यंत तिनं पाळण्याच्या काठावर उडी मारली. जाळ्याला लोंबकळली, एक गाठ तोंडात धरली आणि चाटत बसली. आतून पोरगा खदखदून हसला. मी किंचाळले. शेजार गोळा झाला, आणि माझ्या मनात काकूंचा शब्द न् शब्द खरा ठरला.

मी काय केलं असेल? भागरताकडून दुसरं जाळं आणलं. पहिल्यावर बांधलं. ते तर धुवायलाही धीर नव्हता.

मग एकटी कुटकी राहिली नाही. मागच्या आळीतला बोका आला. स्टेशनाकडची एक लंगडी मांजर आली. कुणाचा तरी कुत्रा अंगणात येऊन शेपटी हलवत उभा राहिला. मी हातात काठी घेऊन पाळण्याशी बसू लागले. जेवणही तिथेच. माझ्या मते हे सगळं कुटकीनं केलं होतं. तीच गावभरच्या मांजरांना बोलावून आणत होती. मॅट्रिक झालेली बाई आहे मी, हे लक्षात ठेवा.

शेवटी एका सकाळी मी यांना निर्वाणीचं सांगितलं. "एक तर ती मांजर जाईल, नाही तर मी पोराला घेऊन नागपूरला जाते."

हे आत्याबाईंकडे पाहू लागले. आत्याबाई सूप पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं, उठल्या, एक झाकणाची टोपली काढली, तिच्यात आपल्या मऊ झालेल्या लुगड्याची घडी घातली आणि कुटकीला उचलून आत ठेवलं. "गंगूकडे नेऊन दे," एवढंच म्हणाल्या. गंगू म्हणजे माझी नणंद, सडक अर्जुनीला असते. तिच्या घरी किराण्याचं दुकान आहे, मागे धान्याचं गोदाम. यांनी बैलगाडी जुंपली. टोपलीतून कुटकीचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता.

घर एकदम गप्प झालं. भातात पाणी जास्त झालं की कमी, हेही मला कळेनासं झालं. आत्याबाईंना बोलायला कुणी उरलंच नव्हतं, आणि माझ्याशी बोलायची सवय त्यांना मी लागू दिली नव्हती. ढोलीपाशी उंदीर खुडबुडले की त्या सवयीनं "कुटके" अशी हाक मारत आणि मग उगाच दुसरंच काहीतरी काम काढत.

आणि मांजरं? ती येतच होती.

काही आठवड्यांनी माझी आई नातवाला पाहायला आली. अंगणात आली, पाय धुतले, आत्याबाईंशी बोलली, स्वयंपाकघरात चहा घेतला. मग सपरीत येऊन पाळण्यावर वाकली आणि तिनं नाकाला पदर लावला.

"अगं, याला मासळीचा वास कसला येतोय?"

मी तिला हळूच म्हटलं, "आई, असं बोलू नये. इथे सगळ्यालाच येतो."

"सगळ्याला कुठे? अंगणात नाही आला. चहा घेतला, तिथे नाही आला. या पाळण्यालाच येतोय." तिनं जाळं दोन बोटांत धरून पाहिलं. "हे काय बांधलंयस?"

मी सांगू लागले. मांजर येऊ नये म्हणून मासोळीचं... आणि वाक्य माझं मलाच ऐकू आलं.

दोन्ही जाळी त्याच घटकेला सोडली आणि मागे गोठ्याच्या पलीकडे नेऊन टाकली. बोका, लंगडी आणि तो कुत्रा एका रांगेत माझ्यामागून गेले. पाळण्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोराला आईजवळ ठेवून मी सडक अर्जुनीला गेले. कुटकीला घेऊन येते, असं आत्याबाईंना सांगून गेले. मी गाडीत बसेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या.

गंगूनं मला गोदामात नेलं. "कायची येते ते आता, वहिनी? पोत्याच्या मागं पाहा."

पोत्यांमागे लुगड्याच्या त्याच घडीवर कुटकी आडवी पडली होती, आणि तिच्या पोटाशी पिल्लांची गर्दी. मी वाकले, "कुटके" म्हटलं, हात पुढे केला. तिनं माझ्याकडे पाहून दात दाखवले आणि एक पंजा पिल्लांवर ठेवला. आपल्या लेकरांपाशी मला येऊ द्यायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. ते मला चांगलं समजलं. मी जाळं बांधलं होतं. तिला जाळ्याचीही गरज पडली नाही.

रिकामी टोपली घेऊन परत आले. आत्याबाईंनी टोपलीकडे पाहिलं.

"कशी आहे?"

"चांगली आहे. पिल्लं झाली. नाही आली माझ्याबरोबर."

"कायची येते. पोटाची होती ते."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिसत होतं ना."

मी खांबाला टेकून खाली बसले. म्हटलं आता विचारूनच टाकावं. "आत्याबाई, त्या जाळ्याचा वास तुम्हाला नव्हता आला?"

"न येवाले का झालं? पुऱ्या सपरीले येऊन राहिला होता. गडी बाहेर जेवाले बसत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शिकलेली. मले वाटलं, पुस्तकात असंन. मांजरीले वासावरच भुलवून ठेवाचं, म्हंजे ते पोट्ट्याकडे पाहात नाही, असा काही इलाज असंन. भागरताले विचारलं, तर तेबी म्हणे, शिकलेल्या बाईले कायले विचाराचं."

मला रडू आलं. घुटीच्या दिवशी मी ज्यांचं तोंड बंद केलं, त्यांनी ते इमानदारीनं बंद ठेवलं होतं.

मग आत्याबाईंनी पहिल्यांदाच, मध्ये कुणी मांजर नसताना, मला काम सांगितलं, "रडजो मंग. आधी मागच्या घरी जाऊन ये."

"काऊन?" मी विचारलं. माझ्याही तोंडून आता काऊनच निघतं.

"मैनाबाईच्या सुनेनं काल पाळण्यावर जारं बांधलं. तुझं पाहून. तिची मांजर सकाळपासून पाळण्याखालून हालून नाही राहिली, अन् सून म्हणते, मांजरीले आजच्या आज गावाबाहेर सोडतो."

मी पदरानं डोळे पुसले आणि तशीच निघाले. वाटभर एकच विचार होता. शिकलेल्या बाईचं ऐकू नको, असं त्या पोरीला शिकलेल्याच बाईनं जाऊन सांगायचं, तर तिनं ते ऐकावं तरी कसं?