हलव्याचा काटा

गॅस बारीक केला, परातीतल्या तिळांवर चमचाभर पाक सोडला आणि बोटांनी ढवळताना तो गोड, खरपूस वास आला. सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी मी गुपचूप, घरीच हलव्याचे दागिने करते आहे.

माझ्या पहिल्या संक्रांतीआधीही नाशकात अशीच कडाक्याची थंडी होती. सासूबाई रोज दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. एकदा चहाचं विचारायला मी दार ढकललं, तर त्या ओरडल्या, "आत येऊ नको गं! दार लाव आधी!" माझं काय चुकलं, कळेना. दोनदा माहेरी जायला बॅग भरून ठेवली.

संक्रांतीला त्यांनी माझ्या गळ्यात हलव्याचा पांढराशुभ्र हार घातला. त्यांची बोटं पोळून लाल झाली होती. "हलव्याला काटा नीट आलाय ना गं?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घालून नुसतं "हो" म्हटलं. त्यांचा आवाज कापत होता, हे मला आज ऐकू येतंय.

इतक्यात दार करकरलं. "आई, चहा ठेवू?"

"आत येऊ नको गं!" मी ओरडले.

सुनेचा चेहरा मागे सरला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. पाक तसाच टाकून मी दाराकडे धावले.