कॉन्व्हेंटच्या दाराशी

दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शोभनाताई केळुसकर दर शनिवारी नवऱ्याला घेऊन इटलीला जातात. इटली म्हणजे जवळच्याच मॉलमधला कमानींचा, खोट्या दगडाचा एक कोपरा. मुलगा शार्दूल वैतागतो, "आई, डॉक्टर म्हणालेत ना, मेमरी परत येणार नाही. काय उपयोग?" शार्दूलचं बरोबरच आहे. त्याच्या बापाचं काय जातं, असं म्हणायचीही सोय नाही. जे जातंय ते बापाचंच.

दत्तप्रसादांनी आयुष्यभर दुबईच्या इमारतींना एसी बसवले. काही वर्षांपूर्वी दोघं खऱ्या इटलीत, पालेर्मोला गेले, तेव्हाही जुन्या चर्चमध्ये सगळे माना वर करून चित्रं बघत होते आणि हे गृहस्थ खिडक्यांतून हवा कशी खेळते ते बघत होते. चौथ्या चर्चनंतर पाय दुखले, तेव्हा नन्सच्या एका कॉन्व्हेंटबाहेरच्या बाकावर बसले. शोभनाताई एकट्याच आत गेल्या आणि तिथली बदामाची मिठाई घेऊन तासाभराने बाहेर आल्या. "किती वेळ गं? मला वाटलं, नन झालीस," ते खेकसले होते.

आता त्यांना नोकरी आठवत नाही, नातवंडं आठवत नाहीत. तो बाक तेवढा आठवतो. म्हणून त्यांना कमानीखालच्या बाकावर बसवायचं, समोरच्या दुकानात शिरायचं आणि बाहेर यायचं. मग ते खेकसतात, "किती वेळ गं?" घरी ते बायकोला परक्या बाईसारखं 'तुम्ही' म्हणतात. शनिवारच्या त्या एका 'गं'वर शोभनाताई आठवडा काढतात.

गेल्या शनिवारी त्या बाहेर आल्या, तर हे वर एसीच्या जाळीकडे बघत होते. अडलेलं मशीन बंद करून पुन्हा चालू करावं, तशा त्या परत आत गेल्या, परत आल्या.

"अहो, आले मी."

दत्तप्रसादांनी अदबीने सरकून जागा दिली. "बसा ना. चर्च फार थंड ठेवलंय यांनी. माझी मिसेस आत गेलीय."

"येतील हं त्या," शोभनाताई कशाबशा म्हणाल्या.

"नाही यायची आता. मी खूप वाट बघितली." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "तुम्ही मला घरी सोडाल का?"

शोभनाताईंनी त्यांचा हात धरला. टॅक्सी वळेपर्यंत ते मागच्या काचेतून मॉलच्या दाराकडे बघत होते. शोभनाताई त्यांच्या शेजारी बसून रडत होत्या.